आधी स्मिअर पाहा

भातलावणी उरकली की अलिबाग तालुक्यात तापाचे दिवस सुरू होतात. चौल, रेवदंडा, थळ, पोयनाड अशा गावांतून तापाने फणफणलेली माणसे जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे इथल्या बोलण्यातल्या ‘सिव्हिल’मध्ये येतात. डेंग्यूची शंका असली की नातेवाइकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : प्लेटलेट किती?

सेल काउंटर या प्रश्नाला मिनिटाभरात उत्तर देतो. समजा, आकडा आला चाळीस हजार. घरचे हादरतात, मुंबईला हलवायची भाषा सुरू होते. चांगला प्रयोगशाळा तंत्रज्ञ मात्र आधी त्याच नळीतला एक थेंब काचपट्टीवर ओढून स्मिअर करतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. काही माणसांच्या प्लेटलेट नळीतल्या ईडीटीए या गोठणरोधकामुळे एकमेकींना चिकटून पुंजके करतात. यंत्र सुट्या प्लेटलेट मोजते, पुंजके त्याच्या हिशेबातून निसटतात. त्यामुळे अंगात पुरेशा प्लेटलेट असूनही कागदावर भीतिदायक आकडा उमटू शकतो. स्मिअरच्या कडेला पुंजके दिसले की सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेऊन मोजणी करायची. यंत्र चालवायला कुणीही चार दिवसांत शिकेल. त्याच्यावर कधी विसंबायचे नाही, हे कळण्यासाठी मात्र शिक्षण लागते.

या शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. डीएमएलटी ही पदविका सर्वांत परिचित. बीएस्सी करून तिच्याकडे वळणारेही पुष्कळ. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पदवी आहे : बारावी विज्ञान, मग तीन वर्षांचा अभ्यास आणि त्यापुढे इंटर्नशिप. अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ साली सुरू झाले आणि सिव्हिल त्याला जोडले गेले. डॉक्टर घडवण्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी आली, याचा आनंद आहेच. पण त्या डॉक्टरांचे निदान ज्याच्या अहवालावर उभे राहते, त्याचे शिक्षणही तेवढ्याच आस्थेने व्हायला हवे.

सुरुवात होते सुईपासून. शीर डोळ्यांनी शोधण्यापेक्षा बोटाने चाचपायची. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटापेक्षा जास्त ठेवायचा नाही, नाहीतर रक्त एका जागी साकळून घटकांचे प्रमाण बदलते. नळ्यांच्या रंगीत टोपणांनाही क्रम असतो : सायट्रेटची निळी आधी, सीरमची लाल किंवा पिवळी नंतर, मग जांभळी ईडीटीए आणि शेवटी साखरेसाठी करडी फ्लोराइड. हा क्रम पाठ करून भागत नाही, त्यामागचे कारण कळावे लागते. जांभळ्या नळीतल्या ईडीटीएमध्ये पोटॅशियम असते आणि ते कॅल्शियमला पकडून ठेवते. त्याचा अंश सीरमच्या नळीत गेला, तर अहवालात पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसेल. रुग्णाला काहीच झालेले नसताना डॉक्टर त्याच्या हृदयाची काळजी करत बसतील. यंत्रात काही बिघाड नसतो. चूक नमुना घेतानाच झालेली असते.

मग येते मलेरियाची स्लाइड. तिच्यावर रक्ताचे दोन थर असतात, एक जाड आणि एक पातळ. जाड थरातल्या लाल पेशी पाण्याने फुटून जातात, त्यामुळे थोड्या जागेत बरेच रक्त तपासता येते आणि परजीवी आहे की नाही ते समजते. पातळ थरात पेशी शाबूत राहतात, म्हणून तिथे जात ओळखता येते. व्हायव्हॅक्स असेल तर बाधित पेशी फुगलेली दिसते; फाल्सिपेरममध्ये नाजूक कड्या आणि चंद्रकोरीसारखे लांबट, वाकलेले गॅमेटोसाइट. देशात या स्लाइडसाठी जेएसबी हा रंग रुळला. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी या भारतीय संशोधकांनी १९४०च्या दशकात तो तयार केला. स्वस्त आणि झटपट, म्हणून हिवतापाच्या मोहिमेत तो गावोगाव पोहोचला.

नवख्या नजरेला इथे हमखास चकवा बसतो. लाल पेशीवर एखादी प्लेटलेट येऊन पडली की ती हुबेहूब परजीवीसारखी दिसते. तिच्याभोवतीचे फिकट वलय आणि फाइन फोकस फिरवल्यावर बदलणारी पातळी, यांवरून ती ओळखायची. शंभर फील्ड पाहिल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहायचे नाही, हा दंडक आहे. बाहेर रांग लागलेली असताना शंभरावे फील्डही पहिल्याइतक्याच शांतपणे पाहणे, हे या कामातले सर्वांत अवघड.

रक्तगटाच्या टेबलावर तर महाराष्ट्राचे स्वतःचे प्रकरण शिकवले जाते. १९५२ साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली, तोच ‘बॉम्बे’ गट. या माणसांच्या पेशींवर एच प्रतिजनच नसते. नेहमीच्या चाचणीत त्यांचा गट सरळ ‘ओ’ दिसतो, पण त्यांच्या सीरममधली प्रतिपिंडे ‘ओ’ रक्ताचाही गोळा करतात. त्यांना साधे ‘ओ’ रक्त चढवले तर जीवावर बेतते. म्हणून पेशींच्या तपासणीबरोबर सीरमची उलट तपासणीही करायची, तीही ‘ओ’ पेशी घेऊन. भारतात साधारण दहा हजारांत एक जण या गटाचा निघतो, असा अंदाज आहे.

२०२० पासून मांडव्याहून रो-रो बोट सुरू झाल्याने मुंबई पावसाळ्यातही जवळ आली, हे खरे. पण मध्यरात्री बाळंतिणीसाठी रक्त जुळवायचे असेल, तर माणूस अलिबागमध्येच लागतो. यंत्रेही आता मोठ्या शहराबाहेर पडली आहेत. क्षयाचे जंतू शोधणारे ट्रूनॅट हे गोव्याच्या मोलबायो कंपनीचे बॅटरीवर चालणारे यंत्र छोट्या केंद्रातही बसते. तरी त्यात घालायचा बेडका नीट घेतलेला हवा; नुसती थुंकी दिली तर यंत्र तरी काय करणार?

तंत्रज्ञाच्या अधिकाराला मर्यादाही आहे. पॅथॉलॉजीच्या अहवालावर सही त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा ‘कोर्स करा आणि स्वतःची लॅब थाटा’ अशा जाहिरातींना भुलू नये. रायगडातल्या पालकांनी मुलामुलीची फी भरण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात : अभ्यासक्रमाला महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी मिळते का, आणि प्रात्यक्षिक रुग्ण येत असलेल्या खऱ्याखुऱ्या रुग्णालयात होते का. दोन्हींची उत्तरे लेखी घ्यावीत.