नंदुरबारच्या काळ्या भिंती

नंदुरबार-धुळ्याच्या भागात फिरताना शेतांमधून सरळ रेषेत धावणारी काळ्या दगडाची एखादी अरुंद टेकडी दिसते. जुन्या गढीची तटबंदीच वाटावी! पण ती कुणी बांधलेली नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन फाटली, भेगेत खालून तप्त शिलारस चढला आणि तिथेच गोठला. भोवतालचा खडक झिजला, तरी भेगेतला दगड उभा राहिला. याला डाइक म्हणतात. या पट्ट्यात अशा शेकडो भिंती आहेत. सर्वांत लांब सुमारे 79 किलोमीटरची.

मला थक्क करते ती त्यांची दिशा. बहुतेक भिंती पूर्व-पश्चिम, किंचित ईशान्येकडे झुकलेल्या. नर्मदा-तापीही त्याच दिशेने वाहतात. कापड ताणलं की ते ताणाला आडवं फाटतं. म्हणजे ही भूमी तेव्हा उत्तर-दक्षिण ओढली जात होती. त्या ओढीची खूण दगडात उरली आहे.

मुळात एवढा भूखंड ओढतं कोण? पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने कवचाखालच्या प्रावरणाचा घट्ट खडकही कोट्यवधी वर्षांत संथपणे वाहतो. पण सर्वांत मोठी ओढ समुद्रतळाची. तो थंड होत जातो, जड होतो आणि टोकाकडून खाली बुडू लागतो. दोरीवरचं ओलं लुगडं एका बाजूला जास्त लोंबलं की सगळंच घसरतं ना, तसंच. त्या काळी भारताच्या उत्तरेला टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली बुडत होता आणि भारत वर्षाला सुमारे 15 सेंटिमीटर वेगाने मागोमाग ओढला जात होता.

सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला भिडला. भूखंडाचा खडक हलका, तो सहजी बुडत नाही. हिमालय उचलला गेला, वेग मंदावला. तरी आजही आपण वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. शाळकरी पोर वर्षात जेवढं उंच होतं, साधारण तेवढं! आता रेटा येतो हिंदी महासागरातल्या पर्वतरांगेकडून: तिथला तळ उंच, त्या उतारावरून भूपट्ट, म्हणजे भारताला वाहून नेणारा कवचाचा तुकडा, स्वतःच्या वजनाने घसरतो. कोणत्या बलाचा वाटा किती, यावर अभ्यासकांचे वाद अजून चालू आहेत. आशियाशी झालेल्या टकरीचा दाब मात्र आपल्यापर्यंत पोचतो. 14 मार्च 1938 रोजी भूकंपाने सातपुडा हादरला होता.

आणि तो शिलारस? बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते तो ज्या उष्ण स्तंभातून आला, तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. ते बेट 21 अंश दक्षिण अक्षांशावर. नंदुरबार सरकत सरकत आज 21 अंश उत्तर अक्षांशावर.