सोंग वठविण्यातला आनंद

लहान मुलाने कागदी मुकुट घालून राम व्हावे, यात कोणालाच वावगे वाटत नाही. उलट घरची मंडळी त्याचे कौतुकच करतात. तोच मुकुट पस्तिशीच्या गृहस्थाने डोक्यावर चढविला, की लोक गालांतल्या गालांत हसू लागतात. आवडत्या काल्पनिक पात्राचा वेष घेण्याचा जो प्रौढांचा छंद आज ‘कॉसप्ले’ या नावाने ओळखला जातो, त्याच्या वाट्यास बहुधा हेच हसू येते. हा छंद परदेशी आणि नव्या पिढीचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे.

नाव परके आहे, हे खरे. ‘पोशाख’ आणि ‘खेळ’ या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द जपान्यांनी आखडून त्यांचा हा जोडशब्द केला. त्याच्याही पूर्वी, 1939 साली न्यूयॉर्क येथे विज्ञानकथांच्या रसिकांचे संमेलन भरले असता फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस ही दोघे भविष्यकाळातील माणसांचा पोशाख करून आली होती. ते कपडे मर्टलबाईंनी स्वतः शिवले होते. आता कॉमिक कॉनसारख्या मेळाव्यांतून पुण्यातही जपानी चित्रकथांतील वीर हिंडताना दिसतात.

परंतु या आनंदाची ओळख पुण्याला फार जुनी आहे. सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली येथेच ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. 1894 साली ‘स्टुडंट्स सोशल क्लब’ या नावाने सुरू झालेली आणि पुढे भरत नाट्य संशोधन मंदिर म्हणून नावारूपास आलेली संस्था हौशी मंडळींचीच. बालगंधर्वांच्या काळी तर वेषाची ही आवड प्रेक्षकांतही उतरली. त्यांची भामिनी व सिंधू पाहून आलेल्या स्त्रिया तसाच पदर घेऊ लागल्या, तसाच गजरा माळू लागल्या. रंगमंचावरील स्त्री वस्तुतः पुरुष आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरीही भामिनीचा थोडासा अंश आपल्या अंगावर असावा, असे त्यांना वाटले. कॉसप्लेचे मर्म याहून फारसे निराळे नाही.

तरी एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. बहुरूपी पोटासाठी सोंग आणतो. नटाच्या वाट्यास नाटककाराने लिहिलेली भूमिका येते. छांदिष्टाचे तसे नसते. आपले पात्र तो आपणच निवडतो. कोणाला घटोत्कच जवळचा वाटेल, कोणाला चिमणराव, तर कोणाला सायकलवरून भरधाव निघालेला फास्टर फेणे. ही निवड सहसा उगाच झालेली नसते. कचेरीत मान खाली घालून वावरणाऱ्या माणसाला एखादा बेडर योद्धा आवडतो, यात त्याच्या मनाचा एक दडलेला कोपरा बोलत असतो.

निवडीनंतर श्रम येतात. चित्र समोर ठेवून मापे घ्यावयाची, जुन्या साडीचा अंगरखा बेतावयाचा, फोमचे तक्ते गरम करून वळवून त्यांचे चिलखत करावयाचे, केसांचा टोप विंचरावयाचा, यात कित्येक रविवार खर्ची पडतात. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण येथेही खरी ठरते. परंतु विकतच्या झगमगाटापेक्षा घरी केलेल्या वेषाचे मोल जाणकारांना अधिक वाटते. शेवटी तो वेष घालून गर्दीत उभे राहिले असता एखादा अनोळखी माणूस त्या पात्राच्या नावाने हाक मारतो. त्या हाकेत साऱ्या श्रमांचे चीज होते. कारण त्या दोघांनी एकच कथा मनापासून अनुभवलेली असते.

मूल मुकुट घालते, तेव्हा ते क्षणभर खरोखरच राम होते. प्रौढ माणूस आपण कोण आहोत हे विसरत नाही; सोमवारी कचेरी गाठावयाची आहे, हेही त्याला ठाऊक असते. हे सारे जाणूनही तो एक दिवस मोकळेपणाने दुसरा होतो. म्हणूनच या छंदाला पोरकटपणा म्हणणे योग्य नव्हे. जबाबदारीचे ओझे वाहणाऱ्यालाच ते घटकाभर उतरवून ठेवण्याचे खरे सुख कळते.