आंगेराँ द कूसी (सातवा)

आंगेराँ द कूसी, सातवा (जन्म: इ.स. १३४० च्या सुमारास, मृत्यू: १८ फेब्रुवारी १३९७, बुर्सा) हा चौदाव्या शतकातील एक मातब्बर फ्रेंच सरदार व सेनानी होता. उत्तर फ्रान्समधील पिकार्दी प्रदेशातील कूसी ही त्याच्या घराण्याची वंशपरंपरागत जहागीर होती. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यातील शंभर वर्षांच्या युद्धाच्या (१३३७–१४५३) काळात तो फ्रान्सच्या राजाचा सरदार आणि इंग्लंडच्या राजाचा जावई होता. या दुहेरी नात्यातून निर्माण झालेला निष्ठेचा पेच हे त्याच्या चरित्राचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

पूर्वायुष्य

आंगेराँ लहान असतानाच त्याचे वडील वारले. त्याची आई कॅथरिन ही ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यातील होती. युरोपभर पसरलेल्या प्लेगच्या साथीत १३४९ मध्ये तिचाही मृत्यू झाला आणि जहागिरीचा वारसा या अल्पवयीन मुलाकडे आला. १३५८ मध्ये उत्तर फ्रान्समध्ये ‘जाकरी’ नावाने ओळखला जाणारा शेतकऱ्यांचा उठाव झाला. तो चिरडणाऱ्या सरदारांमध्ये तरुण आंगेराँचा समावेश होता.

ओलीस आणि विवाह

१३५६ मध्ये प्वातिए येथील लढाईत फ्रान्सचा राजा दुसरा जाँ इंग्रजांच्या हाती सापडला. १३६० च्या ब्रेतिन्यी तहानुसार त्याच्या सुटकेसाठी ३० लाख सुवर्णमुद्रांची खंडणी ठरली. तिच्या हमीदाखल जे फ्रेंच सरदार ओलीस म्हणून इंग्लंडला गेले, त्यांत आंगेराँ होता. अशा उच्चकुलीन ओलिसांना अंधारकोठडीत टाकण्याची प्रथा नव्हती. त्यांना दरबारात मानाने वागवले जाई. २७ जुलै १३६५ रोजी विंडसर येथे तिसऱ्या एडवर्डची ज्येष्ठ कन्या इझाबेला हिच्याशी आंगेराँचा विवाह झाला. त्याची खंडणीवाचून सुटका झाली. पुढच्या वर्षी त्याला बेडफर्डचा अर्ल हा किताब मिळाला. मारी आणि फिलिपा या दोन मुली या दांपत्याला झाल्या.

जहागिरीचा कारभार

युद्ध आणि प्लेग यांमुळे मनुष्यबळ घटले होते. भूदास जमीन सोडून मोकळीक असलेल्या ठिकाणी जाऊ लागले. ही गळती थांबवण्यासाठी आंगेराँने १३६८ मध्ये आपल्या अखत्यारीतील २२ गावांना भूदासत्वातून मुक्त केले आणि त्या बदल्यात वार्षिक देणे ठरवून दिले.

निष्ठेचा पेच

सरंजामशाहीत निष्ठा ही देशापेक्षा व्यक्तीशी बांधलेली असे. ज्याच्याकडून जमीन मिळाली, त्या धन्याला शपथ दिली जाई आणि लढाईत त्याची बाजू घेणे बंधनकारक असे. आंगेराँने दोन्ही राजांकडून जमिनी स्वीकारलेल्या होत्या. १३६९ मध्ये युद्ध पुन्हा पेटले, तेव्हा कोणत्याही बाजूने तलवार उचलली तरी एका शपथेचा भंग होणार होता. या संकटातून वाट काढण्यासाठी तो इटलीत गेला आणि पोपच्या बाजूने मिलानच्या व्हिस्कोन्ती घराण्याविरुद्ध लढला. १३७५ मध्ये आईकडून येणाऱ्या वारशासाठी त्याने बेकार भाडोत्री सैनिकांच्या टोळ्या घेऊन हाब्सबुर्गांच्या मुलखावर, आजच्या स्वित्झर्लंडमध्ये, स्वारी केली. स्थानिक लोकांच्या प्रतिकारापुढे ती फसली.

जून १३७७ मध्ये तिसरा एडवर्ड मरण पावला. त्यानंतर दोनच महिन्यांनी आंगेराँने नवा राजा दुसरा रिचर्ड याला पत्र पाठवून इंग्लंडशी असलेले सर्व बंध तोडले आणि गार्टर हा मानाचा सन्मानही परत केला. या निर्णयाची किंमत कुटुंबाला मोजावी लागली. इझाबेला फिलिपासह इंग्लंडमध्ये राहिली, तर मारी फ्रान्समध्ये वाढली. फिलिपाचा विवाह रिचर्डच्या मर्जीतील रॉबर्ट द व्हेर याच्याशी झाला.

अखेरची मोहीम

यानंतर आंगेराँ फ्रान्सच्या राजाचा विश्वासू सेनानी व मुत्सद्दी म्हणून वावरला. १३९६ मध्ये ऑटोमन सुलतान पहिला बायेझीद याच्याविरुद्ध निघालेल्या धर्मयुद्धात तो सामील झाला. डॅन्यूबकाठी निकोपोलिस (आजचा बल्गेरिया) येथे त्याने सबुरीचा सल्ला दिला; परंतु उतावळ्या सरदारांनी तो मानला नाही. २५ सप्टेंबर रोजी धर्मयोद्ध्यांचा दारुण पराभव झाला. आंगेराँ पुन्हा एकदा खंडणीसाठी ठेवलेला कैदी झाला. या वेळी मात्र सुटका झाली नाही; अनातोलियातील बुर्सा येथे कैदेतच त्याचा मृत्यू झाला.

वारसा

त्याला औरस मुलगा नव्हता. १४०० मध्ये मारीने कूसीची जहागीर राजाचा भाऊ लुई, ओर्लेआँचा ड्यूक, याला विकली. सुमारे ५५ मीटर उंचीचा कूसीचा प्रसिद्ध बुरूज पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने सुरुंग लावून उडवला. अमेरिकन लेखिका बार्बरा टकमन यांनी ‘अ डिस्टंट मिरर’ (१९७८) या ग्रंथात चौदाव्या शतकाचा इतिहास आंगेराँच्या चरित्राच्या आधारे मांडला आहे.