गंजिफा : टांगण्यासाठी की खेळण्यासाठी?

सावंतवाडीचा राजवाडा पाहून परतणाऱ्या प्रवाशाच्या पिशवीत हल्ली एखादी गोल, रंगीत चकती असते. घरी गेल्यावर तिच्यावर चहाचा पेला ठेवला जातो, नाही तर ती चौकटीत बसून दिवाणखान्याच्या भिंतीवर चढते. ही चकती मुळात पत्त्याचे पान आहे, हे घेणाऱ्याला क्वचितच ठाऊक असते; विकणाऱ्यालाही ते नेहमी सांगता येते असे नाही.

दशावतारी गंजिफांचा जोड १२० पानांचा. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शापर्यंतची दहा पाने. मत्स्याचे चिन्ह मासा, कूर्माचे कासव, परशुरामाचे परशू. खेळायला भिडू तीन. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो उतारी करणार. दिवेलागणीनंतर तो मान कृष्णाचा. पाच रंगांत दश्शा वरचढ, तर उरलेल्या पाचांत एक्का. एवढे ध्यानात ठेवून खेळणारी माणसे आपल्या आजोळी होती!

हा खेळही मूळचा आपला नव्हे. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद आहे. मोगली जोड ९६ पानांचा, आठ रंगांचा. त्यावर आपल्या लोकांनी दशावतार चढविले. तेव्हा परंपरेला बोट लावू नये, असे सोवळे आम्ही मिरवणार नाही. ज्यांनी परक्या खेळात राम-कृष्ण बसविले, ते त्यांच्या काळातले आधुनिकच होते. मात्र त्यांनी खेळ मोडला नाही. आजचा बदल चित्र ठेवतो आणि खेळ टाकून देतो, हे आम्हांस खटकते.

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी ही विद्या जवळजवळ संपली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराला गाठून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात चित्रशाळा उभी केली. चिंचोक्याच्या खळीने थरावर थर चिकटवावयाचे, खडूच्या भुकटीचा लेप द्यावयाचा, घोटावयाचे, मग रंग, शेवटी लाख. हे असे १२० वेळा. ही मेहनत पाहिली म्हणजे पूर्ण जोडाची किंमत ऐकून नाक मुरडणाऱ्यांची कीव येते. पण कारागिराची चूलही दिसते. पूर्ण जोडाचे गिऱ्हाईक महिन्याकाठी किती, आणि चकत्यांचे किती? त्याने चकत्या रंगविल्या म्हणून त्याला दोष देणे हे पोट भरलेल्यांचे काम.

२०२३ च्या जानेवारीपासून मोपाच्या विमानतळावर विमाने उतरू लागली आणि सावंतवाडी परदेशी प्रवाशाच्या टप्प्यात आली. राजवाड्याच्या एका भागात पाहुण्यांसाठी हॉटेलही आहे. गिऱ्हाईक दाराशी आले आहे. त्याच्या हाती काय द्यावयाचे, एवढाच प्रश्न. (आमच्या कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचे पाट-पाळणेही याच वाटेवर उभे आहेत; त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.)

आमच्या मते दोन वस्तू वेगळ्या कराव्यात. हाताने रंगविलेला जोड महागच राहू द्यावा आणि त्यावर कारागिराचे नाव असावे. त्याच चित्रांचा छापील, स्वस्त जोड खेळण्यासाठी निघावा, त्याच्या प्रत्येक प्रतीमागे चित्रकाराला मोबदला मिळावा, आणि सोबत मराठीत व इंग्रजीत नियमांची पुस्तिका असावी. पुस्तिका आधी हवी. ओडिशात पुरीकडे वयस्क मंडळी अजून गंजपा खेळतात. कोकणात नियम सांगू शकणारी माणसे थोडी उरली आहेत आणि तीही थकली आहेत. दोन्ही राज्यांच्या पर्यटन खात्यांनी नव्या कमानी आणि फलक उभारण्यापूर्वी एखाद्या जाणत्या माणसाला वही-पेन्सिल देऊन त्यांच्या ओटीवर पाठवावे. या पावसाळ्यातच पाठवावे.