सुट्टीतील हलकी कादंबरी



परीक्षा आटोपल्या, रानातली कामं सैलावली, मृगाला अजून अवकाश आहे. अशा दिवसांत दुपारच्या वेळी एखादं पोर ओसरीवर पालथं पडून कादंबरी वाचत असतं. खून, पळवून नेलेली नायिका, बड्या घरातलं लफडं, असलं काहीतरी त्यात असतं. वडील माणसं वैतागतात आणि शाळामास्तरांना विचारतात, "गुरुजी, असली पुस्तकं पोरांनी वाचावीत का हो?"

माझ्या घरी याचं उत्तर एकदा चुलीनं दिलं. सातवीच्या सुट्टीत आजोळी मी बाबुराव अर्नाळकरांची एक रहस्यकथा वाचत होतो. मामांनी ती हातातून घेतली आणि सरळ चुलीत घातली. पुस्तक वाचनालयाचं होतं. पैसे भरावे लागले ते वेगळंच. पण शेवटची वीसेक पानं राहिली, ती कायमचीच.

मामांचा हेतू वाईट नव्हता. मात्र माणसाला असलं वाचावंसं का वाटतं, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. आपल्या मराठी कादंबरीनं तो फार पूर्वी विचारला आहे.

१८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' निघाली आणि १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. संकटांमागून संकटं, कपटी खलनायक आणि अद्भुत योगायोग, असा हा सारा मामला. रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत याचं कारणही सांगितलं आहे. त्याचा मथितार्थ असा की, आपल्या समाजातले लग्नाचे रिवाज आणि एकूण जगण्याची रीत अशी आहे की तिच्यात चित्तवेधक असं काही घडतच नाही. म्हणून लेखकाला अद्भुताचा आधार घ्यावा लागतो. पाहा, किती प्रांजळ कबुली ही! जगणं कोंडलेलं असलं म्हणजे मन खिडकी शोधतं. हलकी कादंबरी ही ती खिडकी.

विलायतेतही तेच घडलं. १८४४ सालापासून लंडनमध्ये रेनॉल्ड्स नावाच्या लेखकाची 'मिस्टरीज ऑफ लंडन' ही कादंबरी दर आठवड्याला एका पेनीला मिळू लागली. सरदारांची पापं, प्रेतं चोरणारे बदमाश आणि गरिबांची दैना, सगळं त्यात होतं. भाग ऐन रंगात तुटायचा, की पुढच्या आठवड्याची पेनी ठरलेली! प्रतिष्ठितांनी नाकं मुरडली, पण कामकरी माणसांनी ती आवडीनं वाचली. पुढे रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्या हिंदुस्थानात आल्या आणि इथल्या इंग्रजी शिकलेल्या तरुणांनीही त्यांचा फडशा पाडला.

त्या तरुणांत पुण्याचे हरिभाऊ आपटे होते. त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ साली आली, तीच मुळी रेनॉल्ड्सचा आधार घेऊन. पाच वर्षांनी त्यांनी साप्ताहिक काढलं, त्याचं नाव ठेवलं 'करमणूक'. आणि त्याच 'करमणुकी'तून क्रमशः आली 'पण लक्षात कोण घेतो?'. त्यात राजवाडा नाही, भुयार नाही. यमू नावाच्या मुलीचं घर, तिचं सासर, तिचं वैधव्य आणि सक्तीचं केशवपन आहे. ज्या जगण्यात काही घडत नाही असं रिसबूड म्हणाले होते, त्याच जगण्यातून हरिभाऊंनी काळीज हलवणारी कथा काढली. 'पुढं काय होणार?' ही वाचकाची ओढ तीच राहिली. ती लावणारा विषय मात्र बदलला.

हलकं वाचणारा प्रत्येक जण हरिभाऊ होतो असं नव्हे. पण वाचनाची सवय बहुधा ओढीनं लागते, उपदेशानं क्वचित.

तेव्हा शिक्षकांना माझं सांगणं असं. पोराच्या हातची कादंबरी हिसकावू नका. त्याला विचारा, "कुठवर आलास? खुनी कोण असावा?" त्याला गोष्ट सांगू द्या, निबंधाच्या तासाला जो मुलगा मुका, तो इथं घडाघडा बोलेल. मग हळूच विचारा, "यातली बाई नुसती पळवून नेण्यापुरतीच का रे? गरीब माणूस दरवेळी चोरच कसा?" या पुस्तकांत दोष असतात, ते असे हसतखेळत दाखवता येतात. काही पुस्तकं त्याच्या वयाची नसतील, तर तसं सरळ सांगा आणि त्याऐवजी दुसरं तितकंच रंगतदार पुस्तक हाती द्या. नुसता रिकामा हात ठेवू नका.

आणि मोठ्या माणसांनो, तुम्हीही दुपारी एखादी चटकदार कादंबरी खुशाल वाचा. लपवू नका.

त्या जळालेल्या पुस्तकाचं नाव आज मला आठवत नाही. आठवतो तो चुलीपुढं उभा असलेला मुलगा, ज्याला खुनी कोण हे कधीच कळलं नाही. तुमच्या शाळेतल्या पोराची शेवटची वीस पानं तेवढी राहू देऊ नका.