रुपया घसरतो तेव्हा किंमत कोण मोजतो?

डॉलरने नव्वद रुपयांचा टप्पा ओलांडला आणि घराघरांतल्या व्हॉट्सॲप गटांवर जुना संदेश पुन्हा फिरू लागला: १९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता. हे साफ खोटे आहे. स्वातंत्र्याच्या वेळी एका डॉलरला सव्वातीन रुपयांहून थोडे अधिक पडत. तो दरही आपण ठरवलेला नव्हता. रुपया पौंडाला बांधलेला होता आणि पौंडाचा डॉलरशी जो भाव, त्यावरून आपला निघे. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर उतरवला, त्यामागोमाग आपण उतरलो आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांचा झाला. पुढे ६ जून १९६६चे साडेसात रुपये आणि जुलै १९९१चे अवमूल्यन. हा आलेख गेल्या काही दिवसांत सगळ्यांनी पाहिला आहे.

त्या आलेखाच्या आधीची कहाणी मला जास्त मोलाची वाटते. रुपया वर असावा की खाली, हा प्रश्न तेव्हा इथल्या माणसांनी फार मुळातून विचारला होता.

१८७०च्या आसपास रुपयाला जवळपास दोन शिलिंग, म्हणजे २४ पेन्स मिळत. रुपया चांदीचा होता आणि पौंड सोन्याचा. जर्मनीसह युरोपातले देश एकामागून एक सोन्याकडे वळले, चांदी गडगडली आणि तिच्याबरोबर हुंडणावळीचा दरही. १८९४-९५ मध्ये तो १३ पेन्सच्या आसपास आला. हिंदुस्थान सरकारला लंडनमध्ये पेन्शने, व्याज, लष्करी खर्च असे ‘होम चार्जेस’ पौंडात भरावे लागत. दीड कोटी पौंड धरले, तर दोन शिलिंगच्या दराने १५ कोटी रुपये पुरत. दर १५ पेन्सवर आला की तेवढ्याच पौंडांना २४ कोटी लागत. वरचे नऊ कोटी रयतेकडूनच यायचे. १८८६ साली प्राप्तिकर आला, १८८८ साली मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. या करवाढीमागे हुंडणावळीचा तोटा हे मोठे कारण होते.

हा तोटा थांबवण्यासाठी २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या. तोवर कोणीही चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. आता रुपये दुर्मीळ झाले, काही काळाने त्यांचा भाव चढला आणि १८९८ पर्यंत १६ पेन्सवर पोहोचला. सरकारचे गणित जमले. पण कुणब्याच्या घरातले चांदीचे गोठ-वाळे आता वजनाइतक्या रुपयांचे राहिले नाहीत. आणि त्याच सुमारास १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ आले. दागिना मोडायची वेळ आली, तेव्हाच चांदी रुपयाच्या मानाने स्वस्त झालेली होती. सरकारच्या एका कारकुनी निर्णयाने गरिबाची पुंजी अशी कापली गेली, हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत क्रूर पान वाटते.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी नेमके येथेच बोट ठेवले. मार्च १९०२ मध्ये कलकत्त्याच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी सरकारी शिलकीचा अर्थ उलगडला. रुपया पडला म्हणून कर वाढवले, मग रुपया चढल्यावर ते उतरवले का नाहीत? शेतसारा रुपयांत ठरलेला. रुपया महाग झाला म्हणजे तोच सारा भरायला शेतकऱ्याला जास्त धान्य विकावे लागते. तिजोरीतली शिल्लक ही सुबत्तेची खूण नसून रयतेवरचा जादा बोजा आहे, हा त्यांचा मुद्दा होता. दुसऱ्याच वर्षी मिठाचा कर पुन्हा दोन रुपयांवर आला.

पुढे १९२६ साली चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने १ शिलिंग ६ पेन्सची शिफारस केली. मुंबईचे व्यापारी आणि गिरणीमालक १ शिलिंग ४ पेन्ससाठी हट्टाला पेटले. आयोगाचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी वेगळे मत नोंदवले. महाग रुपया म्हणजे इंग्लंडमधल्या लँकेशायरचे कापड स्वस्त, ही गिरणीमालकांची तक्रार रास्त होती. तरीही १९२७ च्या कायद्याने १८ पेन्सच ठरले. पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै, हा भाव स्वातंत्र्य, फाळणी, १९४९ सगळे ओलांडून थेट १९६६ पर्यंत टिकला.

याच आयोगापुढे १९२५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला प्रबंध दोन वर्षांपूर्वीच पुस्तकरूपाने आला होता आणि त्यात त्यांनी थेट अर्थतज्ज्ञ केन्सच्या मताला आव्हान दिले होते. त्यांचे म्हणणे आजही कोणी इतके सरळ मांडत नाही. रुपया पडला की निर्यातदाराला फायदा होतो, हे खरे. पण तो देशाचा फायदा नव्हे. किमती चढतात, मजुरी मागे राहते, म्हणजे मजुराच्या ताटातले काढून मालकाच्या ताटात वाढले जाते. रुपयाचा पौंडाशी भाव स्थिर राहण्यापेक्षा त्याची इथल्या बाजारातली क्रयशक्ती स्थिर राहणे महत्त्वाचे, यावर त्यांचा भर होता.

आजच्या चर्चेत मला हेच सापडत नाही. ‘घसरणीने निर्यातीला चालना’ हे वाक्य सर्रास छापले जाते. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीला आणि आखातातून पैसे येणाऱ्या रत्नागिरीच्या घराला लाभ आहेच. पण आपण बहुतेक कच्चे तेल आणि निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो, पोटॅश जवळपास सगळेच. नाशिकचा द्राक्ष बागायतदार डॉलर कमावतो, तरी खताला आणि डिझेलला वाढीव पैसे तोही मोजतो. ज्याच्याकडे विकायला फक्त मजुरी आहे, त्याला या घसरणीत मोजायचेच आहे, मिळायचे काही नाही. नव्वदीला अर्थमंत्रालय किंवा रिझर्व्ह बँक यांच्या अब्रूचा प्रश्न करणारे आणि तिला निर्यातीची संधी म्हणणारे, दोघेही हा माणूस विसरतात.

बाबासाहेबांचा तो प्रबंध आणि आयोगापुढचे निवेदन महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात आहेत. एक रुपया एक डॉलर हा संदेश पुन्हा आला तर तो पुढे पाठवू नका, हा खंड मिळवून वाचा.