हिवाळ्यातील अंडी आणि खुराड्यातला दिवा

हिवाळ्यात परसातल्या कोंबड्यांची अंडी कमी होतात, त्याला थंडीपेक्षा लहान झालेला दिवस जास्त कारणीभूत असतो. कोंबडीच्या मेंदूत, खोलवर, प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. कवटीच्या पातळ हाडातून आत झिरपलेला उजेड त्यांना कळतो, म्हणून आंधळ्या कोंबडीलाही दिवस वाढल्याचे जाणवते. दिवस मोठा होऊ लागला की या पेशींच्या इशाऱ्याने संप्रेरके स्रवतात आणि अंडाशय कामाला लागते. दिवस आखडला की ते मंदावते.

भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला रोज १४ ते १६ तास उजेड लागतो. लंडनमध्ये डिसेंबरात दिवस ८ तासांहूनही लहान असतो, त्यामुळे तिकडच्या घरगुती कोंबड्या हिवाळ्यात बऱ्याचदा अंडी देणेच थांबवतात. पुण्यात त्याच सुमारास सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे ११ तास उजेड मिळतो. आपल्याकडची घट त्यामानाने सौम्य असते. पहाटे ४ वाजता दिवा लावून उजाडल्यावर बंद केला की १४ तास भरतात.

उजेड पहाटेच वाढवावा. संध्याकाळी दिवा एकदम विझला तर दांडीवर न पोचलेल्या कोंबड्या अंधारात चाचपडत राहतात. पहाटे मात्र दिव्यामागून सूर्य येतोच. सुरुवातही ४ वाजल्यापासून करू नये. दर आठवड्याला अर्धा तास अशी वाढ करावी. लहान खुराड्याला ५ वॅटचा पिवळसर एलईडी दिवा पुरतो: दाण्याच्या भांड्यापाशी वर्तमानपत्र वाचता आले म्हणजे झाले. पिवळसर-तांबूस प्रकाश कवटीतून निळ्यापेक्षा चांगला आत जातो. दिवा अंडी घालण्याच्या जागेवर टांगू नये, तिथे काळोखच हवा. ऊब देणारे मोठे दिवे तर टाळावेतच. भुशाला आग लागते ती बहुधा त्यांच्यामुळेच, आणि आपल्या थंडीत मोठ्या कोंबड्यांना त्यांची गरजही नसते.

उजेडाने अंडाशय जागे होते, पण अंडे तयार होते ते खाद्यातून. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते. नुसत्या तांदूळकणीवर आणि उष्ट्या-खरकट्यावर ठेवलेल्या कोंबडीला दिवा लावला तर ती स्वतःच्या हाडांतले कॅल्शियम ओढते. म्हणून अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा आधी, दिवा नंतर.

काही कोंबड्यांना तो लावूच नये. साधारण १६ आठवड्यांच्या आतल्या तलंगांना जास्त उजेड मिळाला तर त्या अंग भरण्याआधीच अंड्यावर येतात. अंडी बारीक पडतात, कधी अंडनलिका बाहेर येते. पिसे झडत असलेल्या कोंबडीलाही नवी पिसे येईपर्यंत विश्रांती द्यावी, कारण पिसे जवळजवळ सगळी प्रथिनांचीच असतात आणि तिचा आहार तिकडेच खर्च होत असतो. गावठी कोंबडीकडून फार अपेक्षा ठेवू नये. ती काही अंडी घालून खुडूक बसते, आणि खुडूक कोंबडीला दिवा उठवू शकत नाही. वनराजासारख्या सुधारित जातींत दिव्याचा फायदा अधिक दिसतो.

सगळ्यात महत्त्वाचा नियमितपणा. मध्येच दोन-चार दिवस उजेड तुटला तर कोंबड्या अंडी थांबवून पिसे गाळू लागतात. बंद करायचा झाला तरी दिवा हळूहळूच कमी करावा. गावात पहाटेचे भारनियमन असेल तर टायमर लावलेला बॅटरीचा किंवा सौर दिवा घ्यावा. तेही जमणार नसेल तर कोंबड्यांना त्यांच्या हिवाळ्यावर सोडावे.